डावा गाल

मुलगी: बाबा, हातातलं काम ठेवा आणि नीट ऐका. पुन्हा वाचून दाखवते. ‘अर्जावरच्या आणि कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या फोटोतली व्यक्ती आणि व्हिडिओत स्वतःची ओळख करून देणारी व्यक्ती एकच आहे, अशी आमची खात्री पटत नाही.’

बाबा: न पटायला काय झालं? मुलगी माझी, फोटो माझ्या स्टुडिओतला, व्हिडिओ तू आतल्या खोलीत बसून केलेला. यात तिसरं माणूस आलं कुठून?

मुलगी: पुढे आहे. ‘बदल न केलेला, नुकताच काढलेला फोटो आणि या फरकाचं लेखी स्पष्टीकरण आज संध्याकाळपर्यंत पाठवावं. नाहीतर अर्ज बाद समजला जाईल.’

बाबा: बाद? परवा तर म्हणालीस, शेवटच्या यादीत नाव आलंय.

मुलगी: नाव आलंय. आता त्यांना वाटतंय, त्या नावाने दुसरंच कुणीतरी बोलतंय.

आई: आज संध्याकाळपर्यंत म्हणालीस ना? मग मी दुकानाचं शटर निम्मं खाली घेते. गिऱ्हाईक आलं की हे गप्पा मारत बसतील.

बाबा: घे, खाली घे. मी काय हौसेने गप्पा मारतो? माणूस कॅमेऱ्यासमोर बसलं की लाकूड होतं. त्याला बोलतं करावं लागतं. बरं, ते जाऊ दे. मला सांग, हे तपासलं कुणी? यंत्रानेच तपासलं असणार. यंत्राला काय कळतंय? त्या बँकेतल्या साहेबांना त्यांच्याच फोनने ओळखलं नाही. का, तर दाढी काढली होती बिचाऱ्यांनी.

मुलगी: यंत्राने नाही, बाबा. एका बाईंनी. खाली त्यांची सही आहे. फोटो शेजारी ठेवून व्हिडिओ दोनदा बघितला, असं लिहिलंय.

बाबा: मग त्यांना चष्मा लागला असेल. लक्षात येत नाही माणसाच्या.

मुलगी: त्यांना अगदी नीट दिसलं, तिथेच तर घोडं अडलंय. व्हिडिओत माझ्या गालावर डाग आहे. डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत, जन्मल्यापासून आहे तो. फोटोत नाही.

आई: ओळखपत्रावरही नाही.

मुलगी: कशावरच नाही. शाळेच्या दाखल्यांवर नाही, लायब्ररीच्या कार्डावर नाही. एकट्या पासपोर्टवर आहे, कारण तिथे त्यांनीच समोर बसवून काढला.

बाबा: तो काय फोटो आहे? पाकीट मारताना पकडल्यासारखी दिसतेस त्यात. सरकारी माणसाच्या हाती कॅमेरा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

मुलगी: मला आवडतो तो.

बाबा: तो? तुला काही फोटोतलं कळत नाही, बबडे. सोन्यासारखा अर्ज, सोन्यासारखे मार्क, आणि आता हे. मी पहिल्यापासून म्हणत होतो, यात काहीतरी मेख आहे. परदेशातलं एवढं मोठं विद्यापीठ, वर्षभर शिकवणार, राहायला खोली देणार आणि फी काय, तर फीच नाही. फुकट कुणी कुणाला पाणीसुद्धा पाजत नाही.

मुलगी: ते पाणीच शिकवणार आहेत. जमिनीखालचं.

बाबा: बघ. मी इथे काळजीने अर्धा झालोय आणि हिला विनोद सुचतायत.

मुलगी: बापाचे गुण. अंगात भिनलेत.

आई: दोघं एका माळेचे मणी. घड्याळ बघा जरा.

बाबा: बघितलं. घाबरायचं काही कारण नाही. माझ्या डोक्यात आलंय काय करायचं ते. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच ना? मग त्यातली एक बदलायची. संपलं.

मुलगी: तेच म्हणतेय मी. कॅमेरा काढा.

बाबा: कॅमेरा कशाला? फोटोला बोट लावायचं नाही. माझ्या हातून निघालेला एक नंबरचा फोटो आहे तो. डोळ्यांतला उजेड बघ, केसांची कड बघ. आपण व्हिडिओ नवा करू. समोरच्या पार्लरवाल्या ताईंकडे अशी एक क्रीम आहे, लावली की ठिपकाही दिसत नाही. नाटकवाले वापरतात. ती लाव, मी स्वतः लाईट लावतो, पहिलं जे बोललीस तेच परत बोल आणि दे पाठवून. विचारलं तर सांग, आधीच्या वेळी कॅमेरा बिघडला होता.

आई: अहो.

बाबा: काय अहो? चुकीचं काय बोललो?

मुलगी: म्हणजे फोटो बरोबर आहे. मी बदलायचं.

बाबा: असं कुठे म्हणालो मी?

मुलगी: आत्ता म्हणालात. फोटोला बोट लावायचं नाही, क्रीम मला लावायची.

बाबा: अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे. शब्दात काय पकडतेस? मला तुझं काम व्हायला हवंय. बाकी काही नाही.

मुलगी: आणि तिथे पोचल्यावर? रोज सकाळी क्रीम लावून वर्गात बसू? वर्षभर?

बाबा: तिथे पोचल्यावर कोण बघतंय.

मुलगी: सगळे बघतात, बाबा. मी जिथे जाते ना, तिथे माझ्या आधी तुमची ती मुलगी पोचलेली असते.

बाबा: माझी कुठली मुलगी?

मुलगी: फोटोतली. छान, गोरीगोमटी, दोन्ही गाल सारखे. आधी ती पोचते, मग मागून मी जाते. मग लोक तिच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि मला कळतं की आता यांना काय बोलावं ते सुचत नाहीये. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात ओळखपत्रं वाटत होते. तो क्लार्क माझं कार्ड हातात धरून बसला. माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, आणि म्हणाला, बहिणीचं न्यायला आलीस का. मागे सगळी रांग उभी.

आई: मग काय म्हणालीस तू?

मुलगी: हो म्हणाले. कार्ड घेतलं आणि बाहेर आले.

बाबा: हे तू घरी का नाही बोललीस?

मुलगी: घरी आल्या आल्या तुम्ही विचारलंत, कार्डावर फोटो कसा उमटलाय. मी म्हणाले, छान. काय सांगणार होते दुसरं? तुम्ही इतके खुशीत होता.

बाबा: अगं, पण तोंड उघडून एक शब्द सांगायचास. मी काय वाघ आहे, खाल्लं असतं तुला?

मुलगी: मला वाटलं, तुम्हाला तशीच आवडते मी. पुसलेली.

बाबा: काय बोलतेस हे.

मुलगी: काय वाटणार मला? आयुष्यात एक फोटो तसाच ठेवला नाहीत तुम्ही. मावशीच्या घरी, सगळ्यांसोबतचा फोटो होता. त्यात मी नखाएवढी होते. नखाएवढी, बाबा. तिथेही जाऊन पुसलंत. मी एकदा मोजायलासुद्धा लागले होते, घरातल्या कुठल्या फोटोत मी आहे. मग सोडून दिलं. तुम्हाला लाज वाटते असं मी कधी म्हणणार नाही, कारण तुम्ही चारचौघांत मला मिरवता. पण मग ते काय आहे, हे मला कधी कळलं नाही.

बाबा: लाज? मला? तुझी? अगं, विचार तुझ्या आईला. सांग गं हिला, ही जन्मली तेव्हा मी काय म्हणालो होतो.

आई: सगळे येऊन हळहळत होते. मुलीची जात, तोंडावरच आलं, असं काय काय. हे एकटे म्हणाले, बरं झालं, गर्दीत हरवली तरी लगेच सापडेल.

मुलगी: मग त्या माणसाने ते पुसलं कशाला?

बाबा: तूच सांगितलंस म्हणून.

मुलगी: मी?

बाबा: तू. तू सांगितलंस. दुसरीत होतीस. शाळेतून रडत आलीस ती थेट मोरीत गेलीस आणि साबण घेऊन गाल घासत बसलीस. कुणीतरी काहीतरी बोललं होतं. आईने ओढून बाहेर काढलं तर गाल लालभडक, सोलवटलेला. मी इथे कॉम्प्युटरवर काम करत होतो. तू आलीस, मांडीवर बसलीस आणि म्हणालीस, बाबा, तुम्ही सगळ्यांच्या पुटकुळ्या काढता, माझं हे काढा.

मुलगी: मला आठवत नाही असं.

बाबा: मला आठवतंय. मी आत्ता बसलोय ना, त्याच जागेवर. वर्गाचा फोटो माझ्याकडेच आला होता छापायला. मी तुझा चेहरा मोठा केला आणि तुझ्या डोळ्यांदेखत डाग हळूहळू पुसला. तू श्वास रोखून बघत होतीस. झालं तेव्हा टाळ्या वाजवल्यास. म्हणालीस, जादू. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, शाळेत जाऊन मी कुणाची तोंडं बंद करू शकत नाही, डॉक्टर म्हणतात तो डाग काढण्यासारखा नाही, पण हे एक तरी माझ्या हातात आहे. तेव्हापासून करत आलो. तू नको म्हणाली नाहीस कधी.

मुलगी: जादू.

बाबा: हो. तोच शब्द होता तुझा.

मुलगी: तेवढं मला आठवतंय. टाळ्या नाही आठवत. दुसऱ्या दिवशी सकाळचं आठवतंय. सगळ्यांच्या आधी उठले होते मी. स्टूल ओढत नेलं आणि आरशात बघितलं.

बाबा: का?

मुलगी: बाबांनी काढला होता ना. मला वाटलं, खरंच गेला असेल.

आई: मी होते तिथे. आंघोळीचं पाणी तापवत होते. ही स्टुलावर उभी राहिली, बघितलं, खाली उतरली आणि स्टूल जागेवर ठेवून परत अंथरुणात शिरली. रडली नाही काही नाही.

बाबा: आणि तू मला इतक्या वर्षांत बोलली नाहीस?

आई: काय बोलणार? तुम्ही तिचा फोटो हातात घेऊन आलात की ती हसायची. ती हसली की तुम्ही फुलून यायचात. मला वाटलं, यांचं आपसात जमलंय, मी कशाला मधे बोलू. आत्ता कळतंय, दोघं एकमेकांची तोंडं बघत बसलात, हातातला फोटो कुणीच बघितला नाही.

बाबा: बबडे, तू मला खुश करायला हसत होतीस?

मुलगी: सुरुवातीला नाही. नंतर.

बाबा: नंतर म्हणजे कधीपासून?

मुलगी: असं काय सांगू? एक दिवस लक्षात आलं की मला आता त्याचं काही वाटत नाही. मैत्रिणींना सवय झाली, मला सवय झाली. मग वाटलं, आता बाबांना सांगावं. पण तुम्ही इतकं मन लावून करत होता. रविवार घालवायचात त्याच्यावर. म्हटलं, असू दे, तेवढंच बाबांना समाधान.

बाबा: म्हणजे मी तुझ्यासाठी करत होतो आणि तू माझ्यासाठी करून घेत होतीस.

आई: आणि मी दोघांसाठी चहा करत होते. ते राहू द्या आता. त्या बाई तिकडे घड्याळ लावून बसल्या असतील.

बाबा: थांब, एक मला बोलू दे. बाकीच्या फोटोंचं मी समजू शकतो. पण या अर्जाच्या वेळी मी सवयीने नाही केलं. मुद्दाम केलं. तिने तसाच ठेवा म्हटलं असतं तरी केलं असतं.

मुलगी: का?

बाबा: भीती वाटली. उभा जन्म हेच बघत आलोय मी. नोकरीच्या अर्जाला फोटो काढायला माणसं येतात. चांगली शिकलेली, हुशार. फोटो घेऊन जातात आणि पुन्हा येतात. म्हणतात, जरा उजळ करा, जरा केस दाट करा, ही खाच भरा. त्यांना अनुभव असतो म्हणून म्हणतात. आतलं कुणी वाचत नाही, बबडे. वरचा फोटो बघतात आणि बाजूला टाकतात. तिकडे हजारो अर्ज. तुला एकदम वर उचलणारी गोष्ट आहे ही. फी भरून तुला बाहेर पाठवणं माझ्या सात जन्मांत झालं नसतं. असा दरवाजा पुन्हा उघडत नाही. म्हटलं, निदान माझ्या हातातल्या गोष्टीत कमी पडायला नको. आणि त्याच गोष्टीपायी तुझा अर्ज अडकला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मला फार वाईट वाटतंय.

मुलगी: बाबा, मलाही भीती वाटते. तुम्हाला एकट्यालाच वाटते असं नाही. व्हिडिओ करताना मी तीनदा खुर्ची फिरवली. मग ठरवलं, समोरच बसायचं. कारण मला तिथे जायचंय. फार जायचंय. इथे आमच्या प्रयोगशाळेत पाण्याची पातळी मोजायचं यंत्र काचेच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली सरांच्या घरी. तिथे पहिल्याच महिन्यात तुम्हाला विहिरींवर पाठवतात. मला ते हातात घेऊन करायचंय. म्हटलं, मी जशी आहे तशी दिसू दे, मग हो म्हणोत की नाही म्हणोत.

बाबा: आणि मी इकडे फोटो पुसून ठेवला होता.

मुलगी: हो. त्यांना वाटलं, अभ्यास एकीचा आणि बोलतेय दुसरी.

बाबा: ऊठ. चल. मागचा पडदा सोडतो. अगं, तू दिव्यावरची ती पांढरी छत्री उघड, डाव्या बाजूची. मोठा दिवा नको, लहान दोन लाव.

आई: लावले. बस गं तू.

बाबा: केस मागे घे. कान दिसू देत. हं. पाठ सरळ. खांदे सैल सोड, परीक्षेला नाही बसलेली. आता हनुवटी थोडी खाली. अजून. बास. आता जराशी, जराशीच हां, खिडकीकडे वळ.

मुलगी: बाबा.

बाबा: काय झालं?

मुलगी: कुठे वळवताय मला?

बाबा: कुठे? अर्जाला सरळ लागतो हे काय मला माहीत नाही? सरळच ठेवतोय. तू वाकडी बसली होतीस.

आई: ती वाकडी नाही बसली. तुम्ही स्टूल सरकवलंत.

बाबा: मी? कधी?

आई: आत्ता. पायाने. बोलता बोलता तुमचा पाय स्टुलाला लागतो आणि ते खिडकीकडे वळतं. ही बसायला आली की दरवेळी होतं. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या वेळी नाही होत.

बाबा: चेष्टा करतेस.

आई: माझी शपथ. मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे.

बाबा: नाही गं. मला खरंच नाही माहीत. खिडकीकडे वळलं म्हणजे उजवा गाल उजेडात आणि डावा अंधारात. म्हणजे मी कॉम्प्युटरवर बसायच्या आधीपासूनच.

मुलगी: असू दे, बाबा. परत सरळ करा.

बाबा: थांब, मी हाताने करतो. पायावर विश्वास नाही आता. हं. असं. मी इकडून बघतो. आता कॅमेऱ्याकडे बघ.

मुलगी: बघतेय.

बाबा: हं.

मुलगी: काय झालं? काढा ना.

बाबा: काढतो. घाई करू नकोस. हा गाल मी कॅमेऱ्यातून कधी नीट बघितलेलाच नाही.

मुलगी: मग आता बघा.

बाबा: बघतोय.

(कॅमेऱ्याचा आवाज होतो, एकदाच.)

आई: झाला? एकच?

बाबा: एकच. चांगला आलाय. मला कळतं ना. या, इकडे या दोघी, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघा.

मुलगी: जरा मोठा करा.

बाबा: हा घे.

आई: आईसारखी दिसते. माझ्या आईसारखी. हे मला आजपर्यंत कसं नाही दिसलं?

बाबा: दिसणार कसं? तुझ्या आईची ती गालाची ठेवण डाव्या बाजूलाच आहे. आणि मी ती, जाऊ दे. बबडे, तुला पटतोय का?

मुलगी: पटतोय.

बाबा: एक विचारू? नाकाच्या बाजूला ती पुटकुळी आहे. ती काही जन्मखूण नाही. आज आली, उद्या जाईल. ती तरी?

मुलगी: बाबा, माऊसवरचा हात बाजूला.

बाबा: अगं, पुटकुळीला कोण ओळखतंय?

मुलगी: कोणताही बदल न केलेला, असं लिहिलंय.

आई: अहो, हात मागे बांधून बसा. नाहीतर मी बांधते.

बाबा: बसलो. स्पष्टीकरण कसं लिहायचं ते मी सांगतो. लिही, छायाचित्रकाराच्या हलगर्जीपणामुळे सदर चूक झाली असून त्यास अर्जदार जबाबदार नाही. खाली स्टुडिओचा शिक्का मारतो मी. माझी सही घे.

मुलगी: हलगर्जीपणा नव्हता तो.

बाबा: मग काय लिहायचं? नाव माझं खराब होऊ दे. या वयात माझं काय बिघडतंय? तुझं काम होण्याशी मतलब.

मुलगी: मी लिहिलंय. तुम्ही बोलत होता तेव्हाच लिहीत होते. वाचू?

आई: वाच.

मुलगी: ‘माझ्या डाव्या गालावर जन्मखूण आहे. व्हिडिओत बोलणारी मीच आहे आणि पासपोर्टवरही माझाच फोटो आहे. माझे वडील फोटोग्राफर आहेत. लहानपणी मी या खुणेवरून रडत घरी आले, तेव्हा त्यांनी ती माझ्या फोटोतून काढून टाकली. पुढे मी मोठी झाले, पण थांबायचं आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. म्हणून अर्जावरचा आणि कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो तसा आहे. तो बदलून घ्यायला मी सोमवारी कॉलेजात अर्ज देणार आहे. सोबतचा फोटो वडिलांनी आज दुपारी काढला. यात काहीही काढून टाकलेलं नाही.’

बाबा: ते रडत आल्याचं काढ. परक्या माणसांना कशाला सांगायचं?

मुलगी: झालं तसंच लिहिलंय, बाबा.

बाबा: हसतील.

आई: हसू देत. मला आवडलं. मी त्या बाईंच्या जागी असते तर मला कळलं असतं.

बाबा: तू त्या बाईंच्या जागी असतीस तर मला एवढा घाम फुटला नसता. बरं, पाठव. तुझं पत्र, तुझा अर्ज. मी मधे पडत नाही. शिक्का मात्र मारू दे. स्टुडिओच्या नावाखाली, सही मी करतो. एवढं तरी असू दे माझं.

मुलगी: मारा. पत्र फोटोसकट छापलंय. इथे, फोटोच्या खाली. हां, फोटोवर नको.

बाबा: फोटोवर कशाला मारीन? शाई गालावर यायची.

मुलगी: झालं. कागद स्कॅन केला. चढला फोटो. पत्र चढलं. पाठवते.

आई: पोचलं का?

मुलगी: पोचलं म्हणतायत. उत्तर पुढच्या आठवड्यात.

बाबा: पुढच्या आठवड्यात. म्हणजे तोपर्यंत गळ्याखाली घास उतरणार नाही माझ्या.

आई: उतरेल. काल दोन वेळा मागून घेतलंत.

बाबा: शटर वर कर आता. लोक म्हणतील, दुकान विकलं की काय. बबडे.

मुलगी: हं.

बाबा: खरं सांग. कितपत आशा आहे?

मुलगी: खरंच माहीत नाही. शेवटच्या यादीतही पुष्कळजण आहेत. सगळे चांगले असणार. मी माझ्याकडून जे होतं ते केलंय.

बाबा: आणि नाही म्हणाले तर? समजा, ते फोटो बघून... समजा, नाहीच म्हणाले तर?

मुलगी: तर मला म्हणतील, बाबा. या वेळी मलाच म्हणतील.